दिवस भरण्याचा हिशेब

“कितवा लागला?” हा प्रश्न आपल्याकडे गरोदर स्त्रीला तिच्या प्रकृतीची विचारपूस करण्याच्याही आधी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर “सातवा लागला” असे येते की “सात भरले” असे येते यावर ऐकणाऱ्याने पुढचा सारा हिशेब मनाशी बांधायचा असतो, कारण लागलेला महिना आणि भरलेला महिना यांत एका महिन्यापर्यंत अंतर पडू शकते, आणि सासर, माहेर, सुईण व डॉक्टर हे चौघेही ते अंतर आपापल्या परीने गृहीत धरून बोलत असतात. डॉक्टर तर आता महिन्यांत बोलतच नाहीत. “अठ्ठावीस आठवडे झाले” असे त्यांनी सांगितल्यावर बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई बोटांच्या पेरांवर चाराचा भागाकार करून “म्हणजे सात भरले” असा निर्णय देतात, तेव्हा त्यांचा भागाकार बरोबर असतो आणि महिने मात्र चुकलेले असतात, कारण अठ्ठावीस आठवड्यांचे इंग्रजी महिने साडेसहाच्या आतच येतात.

प्रसूतीची अदमासे तारीख काढण्याच्या पद्धती आणि गर्भावस्थेच्या टप्प्यांविषयीची मते आज कोणत्या स्थितीत आहेत, याचा आढावा घ्यावा अशी संपादकांची सूचना आल्यावर प्रस्तुत लेखकाला प्रथम वाटले की, यात मतभेदाला जागा ती किती असणार? परंतु जुने दप्तर चाळू लागल्यावर असे ध्यानात आले की, मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू करावी, कोणत्या मापाने करावी, आणि निघालेल्या तारखेला किती मान द्यावा, या तिन्ही प्रश्नांवर जाणत्या लोकांत आजही एकवाक्यता नाही.

महिन्यांची गणना

गर्भकालाचे सर्वांत जुने माप महिन्यांचे आहे. वैदिक वाङ्मयात दहाव्या महिन्यात होणाऱ्या जन्माचा उल्लेख येतो, रोमन कायदाही दहा महिन्यांची मुदत धरीत असे, आणि आपल्या बोलीत मात्र “नऊ महिने नऊ दिवस” हा शब्दप्रयोग रूढ आहे. वरकरणी विसंगत वाटणारी ही उत्तरे महिन्याचे माप बदलले की पुष्कळशी जुळतात. अठ्ठावीस दिवसांचे दहा महिने म्हणजे २८० दिवस. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर असे नऊ महिने म्हणजे २६६ दिवस. आजचे प्रसूतिशास्त्र शेवटच्या पाळीपासून जे दिवस मोजते ते २८०, आणि प्रत्यक्ष गर्भधारणेपासून जे मोजते ते २६६. या जुळणीवरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा सिद्धान्त मांडण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. तो आवरलेला बरा, कारण हजारो प्रसूती पाहणाऱ्या कोणत्याही समाजाला हा अंदाज निव्वळ निरीक्षणानेही येऊ शकतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांची दृष्टी या बाबतीत विशेष लक्षणीय आहे. चरकाने नववा महिना लागल्यापासून दहाव्याच्या अखेरपर्यंतचा काळ प्रसवाचा मानला, तर सुश्रुताने नवव्यापासून बाराव्यापर्यंत कोणत्याही महिन्यात प्रसव होऊ शकतो असे म्हणून हद्द बरीच लांबवली. या दोघांत मतभेद आहे. परंतु दोघांनीही एक कालखंड सांगितला, दिवस सांगितला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे, कारण पुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर युरोपात जी क्रांती झाली ती नेमकी कालखंडाचे तारखेत रूपांतर करण्याची होती. या जुन्या भारतीय प्रसूतिविद्येची ओळख पाश्चात्त्य वैद्यकाला करून देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न मराठी स्त्रीच्या हातून झाला: आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावरच होता.

तिथीने मोजणाऱ्यांची एक अडचण मात्र डॉक्टरांना सहसा कळत नाही. ज्या वर्षी अधिकमास येतो त्या वर्षी महिन्यांची नावे मोजून हिशेब करणारी बाई एक महिन्याने चुकते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी “आषाढात पाळी आली, म्हणजे चैत्रात बाळंतपण” असे नावांवरून धरणाऱ्या घरात फाल्गुनातच धावपळ झाली असेल तर त्यात नवल नाही.

हायडेलबर्गचा नियम

आज जगभर ज्या नियमाने तारीख काढली जाते तो हायडेलबर्ग येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले याच्या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने सुईणींच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी तो ग्रथित केला. पण त्याचा मूळ आधार अठराव्या शतकातील लायडनचा प्रसिद्ध वैद्यकाचार्य हर्मान बूरहाव्हे याच्या व्याख्यानांत होता. पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवावे आणि तीन महिने मागे जावे, की पुढील वर्षाची प्रसूतीची तारीख निघते.

नियम चालवून पाहू. गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात २०२४ च्या ऑक्टोबरात नोंदणीला आलेल्या स्त्रीला आरोग्यसेविकेने “शेवटची पाळी कधी आली?” असे विचारले, आणि तिने “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी” असे सांगितले, असे समजा. पोळा त्या वर्षी २ सप्टेंबरला होता, म्हणून आरोग्यसेविका रजिस्टरात ३ सप्टेंबर लिहिते, पुठ्ठ्याच्या दोन गोल तबकड्यांचे चक्र फिरवते, आतल्या तबकडीचा बाण ३ सप्टेंबरवर आणते आणि चाळीस आठवड्यांच्या रेघेसमोर आलेली १० जून ही तारीख माता व बालसंरक्षण कार्डावर उतरवून घेते. तीच गणना घरच्या म्हातारीने पाळीच्या चौथ्या दिवशीच्या न्हाण्यापासून, म्हणजे त्या वर्षीच्या हरितालिकेपासून, नऊ चांद्रमास नऊ दिवस धरून केली तर ती ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला, म्हणजे ८ जूनच्या सुमारास, मिरगाच्या तोंडावर येते. दवाखान्याची तारीख वटपौर्णिमेची. फरक दोन दिवसांचा.

न्हाण्याचा उल्लेख येथे विनोदासाठी केलेला नाही. बूरहाव्हेच्या मजकुरात गणना पाळीच्या पहिल्या दिवसापासून करावयाची की शेवटच्या दिवसापासून, याचा स्पष्ट खुलासा नाही. नेगेलेनेही तो निःसंदिग्धपणे केला नाही. पुढच्या पाठ्यपुस्तककारांनी पहिला दिवस धरला आणि तोच रूढ झाला. शेवटचा दिवस धरला असता तर जगातील प्रत्येक गरोदर स्त्रीची तारीख चारपाच दिवस पुढे गेली असती, आणि या नियमाची फेरतपासणी करणाऱ्या काही आधुनिक अभ्यासकांच्या मते ती वास्तवाच्या अधिक जवळ गेली असती. १९९० साली अमेरिकेत मिटेनडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत पहिलटकरणींचा गर्भकाल नियमाने काढलेल्या तारखेपेक्षा मध्यमानाने आठ दिवस अधिक भरला, तर आधी बाळंतपण झालेल्यांचा तीन दिवस अधिक.

नियमाच्या दुसऱ्या उणिवेविषयी वाद नाही. कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याला सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज प्रथम दिसले ते १८२७ साली, आणि ते बीज पाळीच्या चक्रात केव्हा सुटते याचा उलगडा जपानी वैद्य क्यूसाकू ओगिनो याने १९२४ साली केला. पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बीज सुटते, मागील पाळीनंतर अमुक दिवसांनी नव्हे, हे त्याच्या शोधाचे मर्म होते. अर्थात २८० दिवसांचा नियम ज्या काळी बांधला गेला त्या काळी गर्भधारणेचा दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्या स्त्रीला नियम बरा लागू पडतो. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर बीज आठवडाभर उशिरा सुटते, आणि वरील उदाहरणातली १० जून ही तारीख वस्तुतः १७ जून असावयास पाहिजे. जिची पाळी अनियमित आहे, किंवा मूल अंगावर पीत असतानाच, पाळी परत सुरू होण्यापूर्वी जिला दिवस राहिले आहेत, तिच्यासाठी तर चक्र फिरविण्याला अर्थच उरत नाही.

टप्प्यांची मांडणी

पाळीपासून मोजण्याच्या या रीतीमुळे गर्भावस्थेचे टप्पे समजून घेताना एक चमत्कारिक गोष्ट स्वीकारावी लागते: चाळीस आठवड्यांपैकी पहिले दोन आठवडे स्त्री गरोदर नसतेच. पाळी चुकली असे जेव्हा तिच्या ध्यानात येते तेव्हा कागदोपत्री चार आठवडे होऊन गेलेले असतात, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास, जेव्हा तिला मळमळ सुरू होते, तेव्हा गर्भाच्या हृदयाची फडफड यंत्रात दिसू लागलेली असते. दहावा आठवडा संपेपर्यंत हात, पाय, डोळे, हृदयाचे कप्पे या साऱ्यांची मूळ घडण पूर्ण होते, आणि पुढचे तीस आठवडे मुख्यतः वाढीचे व पक्वतेचे असतात.

हा पहिला टप्पा किती नाजूक आणि त्यात दिवसांचा हिशेब किती महत्त्वाचा, याचा भयंकर पुरावा थॅलिडोमाइड प्रकरणात मिळाला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले हे झोपेचे औषध पाळीपासूनच्या चौतिसाव्या ते पन्नासाव्या दिवसांच्या दरम्यान घेतले गेले असेल तरच सामान्यतः मुलाच्या हातापायांत किंवा कानांत व्यंग उत्पन्न करी, आणि त्या पंधरवड्यातही कोणत्या दिवशी गोळी घेतली यावर कोणता अवयव खुंटला हे ठरत असे. बहुतेक स्त्रियांना त्या काळात आपण गरोदर असल्याची जेमतेम खात्री पटलेली असते. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चारचौघींना न बोलावता भरली जाणारी चोरओटी आणि तोवर बातमी बाहेर फुटू न देण्याची रीत, यांमागे या पहिल्या टप्प्याच्या बेभरवशाची जाणीव असावी असे वाटते.

दुसरा टप्पा चौदाव्या आठवड्यापासून सत्ताविसाव्याच्या अखेरपर्यंत धरतात. याच काळात बाळाची हालचाल आईला प्रथम जाणवते: पहिलटकरणीला अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, आणि आधी बाळंतपण झालेलीला, तिला ओळख असल्यामुळे, दोनेक आठवडे आधी. यंत्रपूर्व काळात तारखेचा पडताळा घेण्याचे हे एक विश्वासाचे साधन होते. इंग्रजी कायद्यात तर कित्येक शतके गर्भाला अस्तित्व मिळे ते याच क्षणापासून. आपला ‘डोहाळे’ हा शब्दही याच टप्प्याशी निगडित आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाल्याने स्त्री द्विहृदया होते आणि तिच्या इच्छा या दोन हृदयांच्या इच्छा असतात, ही कल्पना त्याच्या मुळाशी असून, ही अवस्था चरकाने तिसऱ्या महिन्यात तर सुश्रुताने चौथ्या महिन्यात सांगितली आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिसरा टप्पा. गर्भाशयाचा वरचा काठ, जो बाराव्या आठवड्यात ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागू लागतो आणि विसाव्या ते चोविसाव्यात बेंबीच्या आसपास येतो, तो छत्तिसाव्यात छातीच्या पिंजऱ्याला टेकतो. मग पहिलटकरणीच्या बाळाचे डोके कटीरात उतरले की पुन्हा थोडा खाली येतो, आणि शेजारीण “पोट खाली उतरलं, आता फार दिवस नाहीत” असे सांगते. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्निग्ध पदार्थ या टप्प्याच्या मध्यावर पुरेसा तयार होऊ लागतो.

सातव्यात जन्मलेले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूत या टप्प्याविषयीची सर्वांत चिवट समजूत म्हटली पाहिजे. आयुर्वेदाने आठव्या महिन्यात ओज माता व गर्भ यांच्यात अस्थिर असते असे कारण दिले. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत आठमाशी गर्भावर स्वतंत्र ग्रंथच आहे. दोन दूरच्या संस्कृतींत एकच मत आढळावे हे विलक्षण खरे, परंतु आजच्या नोंदी त्याला अजिबात पुष्टी देत नाहीत: मुदतीकडे जाणाऱ्या प्रत्येक आठवड्यागणिक अकाली जन्मलेल्या मुलाची जगण्याची शक्यता वाढतच जाते.

मुदत पुरी झाली असे केव्हा म्हणावे, याविषयीही मत बदलले आहे. सदतीस आठवड्यांच्या आतील प्रसूती ती अकाल आणि बेचाळीसनंतरची ती मुदतबाह्य, या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्या अजून कायम आहेत. पण मधल्या पाच आठवड्यांना सरसकट ‘पूर्ण दिवसांचे’ म्हणणे योग्य नाही, कारण सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलांना श्वसनाचा त्रास एकोणचाळिसाव्यातल्यांपेक्षा अधिक होतो, असे दिसून आल्यावर अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्या काळाची लवकरची मुदत, पूर्ण मुदत व उशिराची मुदत अशी फोड केली आणि ‘पूर्ण’ हा शब्द एकोणचाळीस ते चाळीस आठवडे सहा दिवस एवढ्यापुरता राखून ठेवला.

यंत्राची साक्ष

ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनल्ड, अभियंता टॉम ब्राउन आणि जॉन मॅकव्हिकर यांनी जहाजाच्या पोलादातील तडे शोधण्याच्या यंत्राचे तत्त्व मानवी उदराला लावले, आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय सांगण्याची रीत बसवली. आणि तेव्हापासून स्त्रीची स्मृती व गर्भाचे माप असे दोन साक्षीदार एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहिले.

पहिल्या तेरा आठवड्यांत हे माप घेतले तर वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. सर्व गर्भ आरंभी जवळपास एकाच गतीने वाढतात, हे त्यामागचे गृहीतक आहे. गर्भ मोठा होत जाईल तसतसे आनुवंशिकता, आईचे पोषण, वारेची क्षमता यांमुळे मापांत तफावत पडते, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर काढलेली तारीख तीन आठवडे इकडेतिकडे असू शकते. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या फाइलीत तीन सोनोग्राफींच्या तीन तारखा असतात आणि नातेवाईक शेवटची ती ‘ताजी’ म्हणून खरी धरतात. वस्तुतः या बाबतीत सर्वांत जुना कागद हाच सर्वांत विश्वासार्ह असतो.

दोन साक्षींत विरोध आला तर काय करावे, यावर दोन पंथ आहेत. ब्रिटनमध्ये बाराव्या आठवड्याच्या आसपास सर्वांचीच सोनोग्राफी होते, आणि पाळीची तारीख कितीही खात्रीची असली तरी त्या मापावरून निघालेली तारीखच ग्राह्य धरतात. अमेरिकन पंथ तडजोडीचा आहे: पाळीची तारीख हाच पाया, मात्र नवव्या आठवड्यापूर्वीच्या मापाशी तिचा पाच दिवसांहून अधिक, किंवा पुढील काही आठवड्यांत सात दिवसांहून अधिक विरोध आला तरच ती बदलावी. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, मनुष्याची स्मृती सदोष असते, लोक पाच, दहा, पंधरा अशा गोल तारखा सांगतात, आणि पाळी नेमकी आठवली तरी बीज केव्हा सुटले हे त्यातून कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, लांबीवरून वय ठरविणे म्हणजे लहान गर्भाला तरुण गर्भ ठरविणे होय. ज्या गर्भाची वाढ आरंभापासूनच मंद आहे, त्याची मंदता या पद्धतीत तारखेच्या पोटात दडून जाते. दुसऱ्या पक्षाच्या या शंकेला आधार आहे. मुलींचे गर्भ मापाने किंचित लहान असल्यामुळे मध्यावर केलेल्या सोनोग्राफीत त्यांचे वय थोडे कमी धरले जाते, असे स्कँडिनेव्हियातील अभ्यासांत आढळले आहे. तरीही, पहिल्या तीन महिन्यांत माप घेतले असेल तर ते स्मृतीपेक्षा सरस, एवढे आता दोन्ही पक्ष मानतात.

नागपूर आणि गुरुग्राम

माप कोणाच्या फूटपट्टीने घ्यावयाचे, हा त्यापुढचा प्रश्न, आणि त्याच्या दोन उत्तरांपैकी एकाचा संबंध नागपूरशी तर दुसऱ्याचा गुरुग्रामशी आहे. आजवरची बहुतेक सूत्रे ग्लासगोत किंवा अमेरिकेत, तेथील स्त्रियांच्या मापांवरून बांधलेली. ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली ‘इंटरग्रोथ–२१’ या प्रकल्पाने जगातील आठ ठिकाणे निवडली, त्यांत इंग्लंड, इटली, ओमान, ब्राझील, केनिया, चीन, अमेरिका यांच्या जोडीला नागपूरही होते. सुस्थितीतील, सुपोषित, निरोगी स्त्रियांचीच निवड केल्यावर असे आढळले की, गर्भाच्या व नवजाताच्या मापांतील एकूण तफावतीपैकी साडेतीन टक्क्यांहून अधिक वाटा ठिकाणाच्या फरकाचा नव्हता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा मथितार्थ असा की, आईची परिस्थिती चांगली असेल तर नागपूरचे बाळ आणि ऑक्सफर्डचे बाळ सारखेच वाढते, म्हणून प्रमाणही एकच असावे.

याला दोन बाजूंनी हरकत आली. अमेरिकेत आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेल्या पाहण्यांत निरोगी गटांतही वंश व देश यांनुसार फरक दिसले. इकडे गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून हजारो गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणाऱ्या ‘गर्भिणी’ अभ्यासाच्या आधारे, आयआयटी मद्रासच्या संशोधकांच्या सहकार्याने, भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र सूत्रे काढण्यात आली. त्यांतून पुढे आलेली एक गोष्ट कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला विचारात पाडील: त्याच स्त्रिया, त्याच प्रसूती, पण वय मोजण्याची पद्धत बदलली की अकाल प्रसूतींचे प्रमाण सुमारे सव्वाअकरा टक्क्यांपासून साडेसोळा टक्क्यांपर्यंत खालीवर होई. एका बाजूला आदर्श परिस्थितीचे प्रमाण आहे, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष परिस्थितीचे. आणि धोरण कोणत्या प्रमाणावर आखावे हा निर्णय निव्वळ गणिताने होणारा नाही.

हा पंडितांचा वाद खेड्यापर्यंत कसा पोचतो, याचे उदाहरणही नागपूरशीच जोडलेले आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउवी यांनी १९७२ साली दाखवून दिले की, अकाली कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. हे औषध खेडोपाडी पोचवावे म्हणून नागपूर व बेळगाव धरून सहा देशांत सुमारे एक लाख प्रसूतींवर जो मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१५ साली आले तेव्हा एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. कारणांची चर्चा अजून चालू आहे. परंतु तारीख नेमकी ठाऊक नसल्याने गरज नसलेल्या पुष्कळ स्त्रियांना औषध दिले गेले, हे एक संभाव्य कारण सर्वत्र नोंदले गेले. पाच वर्षांनी, सोनोग्राफीने वय पक्के केलेल्या स्त्रियांवर, चांगल्या रुग्णालयांत दुसरा प्रयोग झाला, त्यात भारतही होता, आणि त्याच औषधाने मृत्यू निश्चितपणे कमी झाले.

मग सर्वांची लवकर सोनोग्राफी का करू नये? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक तपासणी सर्वांना मिळावी अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे मात्र या यंत्राला दुसरा इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा आला, आणि पुढे त्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी व प्रत्येक तपासणीमागे ‘फॉर्म एफ’ बंधनकारक झाला. फिरते यंत्र दुर्गम पाड्यावर नेणे त्यामुळे सोपे राहिलेले नाही. मुलींच्या घटत्या संख्येकडे पाहता हे निर्बंध सैल करावेत असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. पण त्यांची किंमत मेळघाटातल्या स्त्रीच्या तारखेत मोजली जाते, हे नमूद करणे आढाव्याचे कर्तव्य आहे.

कायद्याच्या दरबारी

कायद्याला कालखंड पेलत नाही. त्याला आकडा लागतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ ने विवाहविच्छेदानंतर २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल, आई अविवाहित राहिली असेल तर, औरस मानले, म्हणजे हायडेलबर्गचा आकडा जशाचा तसा संहितेत आला. नेपोलियनच्या संहितेने ३०० दिवसांची सवड दिली होती. इंग्लंडमध्ये युद्धावर गेलेल्या एका पतीच्या खटल्यात १९२१ साली ३३१ दिवसांचा गर्भकाल अशक्य नाही असे ठरले, आणि १९५१ साली उमराव सभेने ३६० दिवस मात्र अमान्य केले. या दोहोंच्या मध्ये रेघ नेमकी कोठे, हे न्यायालयानेही सांगितले नाही.

औरसतेचा प्रश्न आता जनुकीय चाचणीने सुटू शकतो, पण इतर मुदतींना धार आली आहे. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींतून आलेल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यातील वीस आठवड्यांची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत गेली, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळ. वर सांगितलेला पाच-सात दिवसांचा वैज्ञानिक अनिश्चितपणा येथे मर्यादेच्या आत किंवा बाहेर, असा थेट निकाल होऊन बसतो. प्रसूती रजेच्या कायद्यातही २०१७ पासूनच्या सव्वीस आठवड्यांपैकी आधीचे आठ आठवडे अपेक्षित तारखेवरूनच मोजले जातात.

तारीख उलटल्यावर

नेमक्या दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चारपाच. तरी ‘तारीख उलटली’ हे शब्द घरात असे उच्चारले जातात की, जणू कोर्टातला वायदाच चुकला. किती दिवस वाट पाहावी, यावर अलीकडे बरेच संशोधन झाले. स्वीडनमध्ये एकेचाळिसाव्या आठवड्यात कळा सुरू करणे आणि बेचाळिसाव्यापर्यंत थांबणे यांची तुलना करणारा प्रयोग, थांबलेल्या गटात सहा बालके दगावल्याने व दुसऱ्या गटात एकही न दगावल्याने, मुदतीआधीच बंद करावा लागला, आणि २०१९ साली त्याचा अहवाल आला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या प्रयोगात एकोणचाळिसाव्या आठवड्यातच कळा आणल्यास सिझेरियनचे प्रमाण २२.२ वरून १८.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. यावरून सर्वांनाच एकोणचाळीसला दाखल करावे असे म्हणणारा एक पक्ष तयार झाला आहे. दुसरा पक्ष बाळाच्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही याकडे, आणि निरोगी स्त्रीला विनाकारण इस्पितळात खिळवण्याकडे बोट दाखवतो. एकेचाळीस पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, एवढ्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा कौल आहे.

न सुटलेले

या साऱ्या मापांच्या मुळाशी असलेला प्रश्न अजून उघडाच आहे. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवून आणलेल्या परीक्षानळीतील गर्भधारणेतून बाळ जन्माला आले, तेव्हापासून फलनाचा दिवस तासासह ठाऊक असलेल्या गर्भावस्थांची आपल्याकडेही कमतरता नाही. पण आरंभ बिनचूक कळला म्हणून शेवट बिनचूक सांगता येतो असे झालेले नाही. बीज सुटल्याचा दिवस संप्रेरकांवरून निश्चित केलेल्या १२५ स्त्रियांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, अकाल प्रसूती वगळूनही, गर्भकालात सदतीस दिवसांची तफावत निघाली. म्हणजे तारखेतील अनिश्चितता केवळ मोजणीच्या चुकीची नाही. तिचा मोठा भाग गर्भकालाच्या स्वभावातच आहे.

कळा कशाने सुरू होतात? लिगिन्सच्या मेंढ्यांत गर्भच आपल्या अधिवृक्क ग्रंथींच्या द्वारे इशारा देतो असे दिसले. मानवात तसे सरळ आढळले नाही. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वारेतून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची चढती पातळी पाहून वारेत एक घड्याळ असते आणि ते लवकर की उशिरा चालणार हे आधीच ठरलेले असते, असा सिद्धान्त मांडला. बाळाच्या फुप्फुसांतील स्राव, गर्भवेष्टनाचा दाह, गर्भाशयाचा ताण, यांचाही हात दाखवला गेला आहे. यांपैकी कोणत्याही खुणेवरून एखाद्या विशिष्ट स्त्रीची तारीख सांगण्याची चाचणी आजतागायत व्यवहारात उतरलेली नाही.

तोवर महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ नावाची व्यवस्था आहे. आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली, चूल, सोबतीच्या बाईसाठी जागा. अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधी गरोदर स्त्रीने येऊन राहावयाचे, म्हणजे नदीला पूर आला तरी कळा सुरू झाल्यावर ती अलीकडच्या तीरावर असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १० जून जिची तारीख आली, ती मिरगाच्या आधी घरून निघते, आणि आरोग्यसेविका तिच्या कार्डावरील तारखेपुढे दोन्ही बाजूंना सात-सात दिवस पेन्सिलीने लिहून ठेवते.